आठ म्हणजे अष्टमी

आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळते ती एकाच जागी, पाण्याच्या टाकीमागच्या खडकावर. मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी त्या खडकावर चढून फोन सुरू केला, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयाच्या ग्रुपवर एक सूचना येऊन पडलेली होती. ‘आपल्या ग्रंथालयाच्या परिचर श्रीमती जयवंती तांडेल यांचे काल दुःखद निधन झाले. ग्रंथालय आज बंद राहील. पुस्तके परत करण्याची मुदत एक दिवसाने वाढवण्यात आली आहे.’ या लेखात खरं तेच लिहायचं असं मी ठरवलं आहे, म्हणून हेही सांगते… त्या तीन वाक्यांतलं मला आधी तिसरं दिसलं. माझ्याकडे दोन पुस्तकं होती आणि मुदत वाढली म्हणून मला बरं वाटलं. मग मी पुन्हा पहिल्या वाक्याकडे गेले आणि नाव वाचलं. तरी क्षणभर कळेना, कोण या जयवंती तांडेल? ग्रंथालयात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. विद्यार्थी, प्राध्यापक, ग्रंथपाल सर, सगळे मावशीच म्हणत. मीही. तीन वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी कुठे लिहिलेलं पाहिलं ते त्या सकाळी पहिल्यांदा.

या पुरवणीच्या काही वाचकांना माझं नाव कदाचित आठवत असेल. गेल्या वर्षी ‘नुकतंच वाचलेलं’ या छोट्या चौकटीत मी भयकथा, अद्भुत कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या यांच्याबद्दल सात टिपणं लिहिली होती. दोघा-तिघा वाचकांनी पत्रं पाठवली. एकांनी लिहिलं होतं, इतक्या लहान वयात इतकी स्वतंत्र नजर! ती नजर माझी नव्हती. ती समुद्राकाठच्या घिवलीच्या, सातवी शिकलेल्या, ग्रंथालयात पुस्तकांना खळ लावणाऱ्या मावशींची होती. मतं त्यांची, खाली नाव माझं. हे त्या असताना सांगायला हवं होतं. सांगायची वेळ एकदा अगदी समोर येऊन उभीही राहिली होती, आणि तेव्हा मी जे बोलले ते आठवलं की अजूनही मान खाली जाते.

मी जव्हारकडच्या एका पाड्यावरची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई-बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि मी पालघरला वसतिगृहात राहते. पहिल्या वर्षाला असताना मी रोज ग्रंथालयात जायचे, रांगेत उभी राहायचे आणि माझा नंबर जवळ आला की रांगेतून बाहेर पडायचे. पुस्तक मागायचं तर नाव सांगावं लागतं, आणि मला अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे एकाही पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं. पंधरा-वीस दिवस हे चाललं असेल. एके दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, “काय गो, रोज येतेस नि रोज हात हलवीत जातेस. पुस्तकं चावतात काय?” साडीवर खाकी डगला घातलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या, केसांत अबोलीची वेणी माळलेल्या एक बाई स्टुलावर बसून पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवत होत्या. मी म्हटलं, “काय मागायचं ते कळत नाही.” त्यांनी ब्रश वाटीत ठेवला आणि मागच्या कपाटातून एक फाटकं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. “हे ने. भुताचं हाय. घाबरलीस तर परत आण, नाय घाबरलीस तरी परत आण. पण काय झालं ते मला येऊन सांग.”

ते कपाट म्हणजे ग्रंथालयाचं सावत्र पोर होतं. तारापूरच्या कॉलनीतून बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने पुस्तकांची आठ-दहा खोकी कॉलेजला दिली होती, आणि त्यात बहुतेक सगळं भुतांचं, राक्षसांचं, जादूच्या राज्यांचं, आणि चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणारं. प्राध्यापक तिकडे फिरकत नसत. ग्रंथपाल सरांनी पुढे त्यात नव्या पुस्तकांची भर घातली, पण खरं तर ती मावशींच्या आग्रहाने. मैद्याची खळ त्या घरून करून आणत, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत, आणि त्यामुळे त्यांच्या बोटांच्या टोकांना कायम एक निळसर झाक असे. सकाळी आल्यावर वर्तमानपत्रं दांडीला लावायची, मग खळ, मग चिठ्ठ्या, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा झाला की त्या कपाटाच्या आडोशाला बसून वाचन. पुस्तक त्या कधीच घरी नेत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “घरी कसं नेऊ? मुलगा बोटीवर असतो. माणूस पाण्यात असताना घरात भुताचं नाव घ्यायचं नाय. पानावर छापलेलं असलं तरी ते नावच.” मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “हितं चालतं. हितनं समुद्र दिसत नाय.”

असं झालं की त्या जे वाचत त्याबद्दल बोलायला त्यांना घरात कोणी नव्हतं, आणि ग्रंथालयात त्यांना कोणी विचारत नव्हतं. मी होते. मी फक्त ऐकत असे. समुद्राकाठच्या एका बंगल्यातल्या भुताची कादंबरी होती. रोज मध्यरात्री बाराच्या ठोक्याला लाटा पायरीवर आपटतात आणि पाण्यातून एक बाई वर येते. मला ती वाचून झोप लागली नव्हती. मावशींनी पुस्तक टेबलावर असं ठेवलं, जसं खराब निघालेलं पापलेट ठेवावं. “रोज बारालाच भरती कशी येईल गो? बाराला भरती पुनवेला नि अवसेला. मग रोज पाऊण तास पुढं सरकते. अष्टमीला बारा वाजता तर पार सुकती, चिखलात चालत येईल ती बाई, पाय घसरून पडेल.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. “भूत खोटं चालेल. ते खोटंच असतं, ते आपण कबूल करूनच बसतो. पण पाणी खोटं नको. पाणी खरं असलं की भूत आपोआप खरं होतं.”

तीन जाड भागांची एक अद्भुत कादंबरी होती, सात नगरांची, उडणाऱ्या घोड्यांची. ती त्यांनी दोन महिने नेटाने वाचली आणि मला विचारलं, “ह्या राज्यात मासे कोण मारतं?” मला प्रश्नच कळला नाही. “अगो, सात शहरं हायत नि बाजार एक नाय. सगळे तलवारी घेऊन घोड्यावर. मग संध्याकाळी जेवतात काय? उडता घोडा मी मानला. त्याची लीद कोण काढतं तेवढं सांगा म्हणावं.” आणि चित्रकादंबऱ्या तर त्यांच्या जिवाभावाच्या. सुरुवातीला मला त्या लहान मुलांच्या वाटायच्या. एका पुस्तकात एका मुलीची सावली तिला सोडून निघून जाते. शब्द जवळजवळ नाहीतच, काळी चित्रं आणि मधून पांढऱ्या पट्ट्या. मावशींनी एका चौकटीवर निळसर बोट ठेवलं, मुलगी जिना उतरते आहे. मग पुढच्या चौकटीवर, जिना रिकामा आहे. मग बोट मागे आणलं, दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर. “भूत हितं हाय. चौकटीत जे दिसतं ते चित्रकार दाखवतो. ह्या पट्टीत तो आपल्याला एकटं सोडतो. हितं जे दिसतं ते आपलंच.” मी त्या पट्टीकडे बघत राहिले आणि खरंच अंगावर काटा आला.

माझं मत मात्र त्यांना कधी मिळालं नाही. त्या विचारत, “तुला कसं वाटलं?” आणि मी पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं काहीतरी शुद्ध भाषेत म्हणून दाखवायचे, की ही वाचकाला खिळवून ठेवणारी कलाकृती आहे. मावशी डोळे मिटायच्या. “हे तर मी मागच्या पानावर वाचलं. तुझं सांग ना.” माझं म्हणजे काय, तेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मत असायला घरात आधी कोणाकडे तरी असावं लागतं, जसं घड्याळ किंवा कपाट.

दुसऱ्या वर्षी आमच्या मराठीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, एका पुरवणीला विद्यार्थ्यांची वाचनाबद्दलची टिपणं हवी आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी सारखी ग्रंथालयात दिसायचे. मी वसतिगृहात तीन दिवस कोरा कागद घेऊन बसले. चौथ्या दिवशी मी लिहिलं, ‘भूत खोटं असलं तरी चालेल, पण पाणी खोटं असून चालत नाही.’ पुढची वाक्यं आपोआप आली, कारण ती सगळी मी ऐकलेली होती. टिपण छापून आलं. खाली ठळक अक्षरांत माझं नाव, गावाच्या नावासकट. मी कात्रण घेऊन घरी गेले. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी नावावर बोट फिरवून विचारलं, “हे तू हायस?” मी हो म्हटलं. त्यांनी तो कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पाऊस असो, आग असो, घरातून आधी उचलायची ती पिशवी असते. त्यानंतर बाबांचं ते खरं कसं मोडायचं ते मला कळेना… आणि हेही कबूल करते, की मोडायची इच्छाही फारशी झाली नाही.

दुसरं टिपण मासे कोण मारतं याबद्दल होतं, तिसरं पांढऱ्या पट्टीबद्दल. ‘स्वतंत्र नजर’ असं पत्र आलं ते त्या तिसऱ्याला. मावशींना मी काही सांगितलं नाही. मला वाटायचं, त्या कशाला पुरवण्या वाचायला जातात. रोज सकाळी वर्तमानपत्रं दांडीला लावायचं काम त्यांचंच होतं, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचं आज मला नवल वाटतं. कदाचित लक्षात येऊ द्यायचं नव्हतं.

वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकावर मावशी एक आकडा टाकत, त्याबद्दल बोलोत वा न बोलोत. तारखेच्या चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने, अगदी बारीक. कुठे १५, कुठे ५, कुठे २. सावली हरवलेल्या मुलीच्या पुस्तकावर ३० होतं, ती मी पुस्तक परत करायची तारीख समजले होते. सातव्या टिपणाच्या वेळी मी अडले. परीक्षा जवळ आली होती, मावशी दोन दिवस रजेवर होत्या आणि मला टिपण पाठवायचं होतं. एका शापित घराण्याची जाडजूड भयकादंबरी मी हातात घेतली. मी ती अर्धीच वाचली होती. शेवटचं पान उघडलं, तर कोपऱ्यात मावशींचं अक्षर होतं, ‘८. भांग.’ मी मनात म्हटलं, झालं काम. दहापैकी आठ. आणि भांग, म्हणजे नशा. मी लिहिलं, ‘ही कादंबरी भांगेसारखी हळूहळू चढत जाते आणि मग उतरतच नाही. माझ्याकडून दहापैकी आठ गुण.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं.

ते छापून आलं त्या दुपारी मी ग्रंथालयात गेले. मावशी खळ ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काय सुमन, तू भांग पितेस काय गो?”

“मी? नाही मावशी. का?”

“मंग पेपरात काय लिवलंस? नशा चढते म्हणून?” आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ग्रंथपाल सरांनी चष्म्यावरून बघितलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “डोंगरातली ती डोंगरातलीच. अगो, भांग म्हंजे पाण्याचा भांग. उधाण ठाऊक हाय ना? पुनवेला, अवसेला पाणी किती वर येतं, नि सुकतीला किती मागं जातं? ते उधाण. नि अष्टमीच्या सुमाराला पाणी मेल्यासारखं असतं. थोडं वर येतं, थोडं मागं जातं. ना किनारा बुडत, ना खडक उघडे पडत. जाळं टाकलं तरी तसंच. त्याला भांग म्हणतात. त्या पुस्तकात दर चार पानांनी एक किंकाळी हाय, नि भीती हाय तितकीच राहते. भांगाचं पाणी! नि आठ म्हंजे मार्क नाय. आठ म्हंजे अष्टमी. तुमच्या परीक्षेत आठ चांगलं असेल, आमच्या पाण्यात आठ म्हंजे जाळं रिकामं.”

मला तेव्हा सगळे आकडे एकदम कळले. १५ म्हणजे पौर्णिमा. ३० म्हणजे पंचांगात लिहितात ती अमावस्या, पाणी सगळ्यात वर आणि आकाश सगळ्यात काळं. आणि हेही कळलं की मावशींनी हे टिपण वाचलं आहे म्हणजे आधीची सहाही वाचली आहेत. त्यांचं हसणं हळूहळू थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही. वाट बघत होत्या. खळीवर साय धरत होती आणि त्या ढवळत नव्हत्या. एकच वाक्य बोलायचं होतं मला. मावशी, ते सगळं तुमचं होतं, मी तुमचं नाव घालायला हवं होतं. मी म्हटलं, “छापताना काहीतरी चूक झाली असेल, मावशी.”

त्यांनी खळीवरची साय ढवळून मोडली. मग ब्रश उचलला. “हां,” म्हणाल्या. “छापणाऱ्याची चूक.” आणि पुढच्या पुस्तकाला चिठ्ठी लावली. या पुरवणीच्या छापणाऱ्यांचीही मी आज माफी मागते. त्यांनी माझी चूक अगदी बिनचूक छापली होती.

त्यानंतर मी टिपणं पाठवणं बंद केलं. परीक्षेचं कारण सांगितलं. मावशींचं माझ्याशी बोलणं काही कमी झालं नाही, डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण त्या आधीसारखंच माझ्यापुढे सरकवत. फक्त एक बदललं. पुस्तकाबद्दल त्या काही सांगेनाशा झाल्या. मी विचारलं, हे कसं आहे, तर म्हणत, “वाच नि तू सांग.” चिडून नव्हे. जणू त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आता माझी पाळी. आणि मी वाचत होते, मला काहीबाही वाटतही होतं, पण तोंडापर्यंत येऊन परत जायचं. भांगाचं पाणी.

एप्रिलमध्ये सुट्टीवर जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना शेवटचं भेटले. त्यांच्या हातात एक नवी चित्रकादंबरी होती. एका गावातून एका सकाळी सगळ्यांचे आवाज नाहीसे होतात. माणसं बोलतात, पण तोंडापुढचे फुगे रिकामे. एक मुलगी ते आवाज शोधायला निघते. मावशी अर्ध्यावर होत्या. मी विचारलं, “आकडा किती?” “आताच कसा सांगू? पाणी चढतंय अजून.” त्यांनी तारखेच्या कोऱ्या चिठ्ठीचा एक तुकडा फाडून खूण घातली. “तू सुट्टीवरनं येशील तवर माझं झालेलं असेल. मग तू ने. पण ह्या वेळी मी काय बोलणार नाय. आधी तू बोल. बरोबर-चूक नसतं गो त्यात. लाज काय वाटायची!” मी मान हलवली. तेव्हाही मागचं सगळं सांगता आलं असतं. मनात म्हटलं, जूनमध्ये सांगू, पुस्तकाबद्दल बोलतानाच सांगून टाकू… एखादं ओझं दुसऱ्या ओझ्याखाली लपवावं तसं.

जूनच्या शेवटी मी बोईसरहून बसने घिवलीला मावशींच्या घरी गेले. मावशींना शेवटच्या दिवशी सकाळी छातीत दुखलं होतं, गॅस असेल म्हणून त्यांनी ओवा खाल्ला आणि पडून राहिल्या, इतकंच झालं होतं. त्यांच्या सुनेने चहा दिला. मी म्हटलं, मावशी फार वाचायच्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. “आई? आईंना कुठं वेळ होता? घरी तर पेपर पण नाय उघडायच्या.” मी म्हटलं, भुतांची पुस्तकं वाचायच्या, आणि त्यांच्याइतकं चांगलं वाचणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. तिने पटकन दाराबाहेर बघितलं. बाहेर अंगणात मुलगा जाळं शिवत बसला होता. त्याने ऐकलं होतं. मी सगळं सांगितलं, टिपणांचं, नावाचं, भांगेचं. आठ म्हणजे दहापैकी आठ, हे ऐकून तो मान मागे टाकून हसला, अगदी मावशींसारखा, आणि मग जाळ्यात तोंड घालून बराच वेळ गाठ शोधत राहिला.

मी विचारलं, “त्यांचं नाव छापलं तर चालेल? भुतांच्या पुस्तकांसोबत? त्या फार पाळायच्या…”

“बोट आता किनाऱ्यावर हाय,” तो म्हणाला. “पावसाळ्याची मासेमारीबंदी हाय तवर कोणाचं पण नाव घ्या. फक्त नारळी पुनवेच्या आत छापा. त्या दिवशी आमी पाण्यात जातो.” आणि थोड्या वेळाने, “नाव पुरं लिवा. जयवंती हिराजी तांडेल. नुसतं मावशी नको. मावशी सगळ्याच असतात.”

म्हणून हा लेख घाईने लिहिला आहे. पुरवणीच्या संपादकांनी तो वेळेत घेतला, त्यांचे आभार. गेल्या वर्षीच्या सातही टिपणांतली मतं जयवंती हिराजी तांडेल यांची होती. सातव्या टिपणात त्यांचं मत मी उलटं करून छापलं. त्यांच्या मते ते पुस्तक वाईट आहे, आणि मीही नंतर ते पूर्ण वाचलं, ते वाईटच आहे. बाबांनाही सांगितलं. त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीतून कात्रण काढलं, पुन्हा नावावर बोट फिरवलं आणि विचारलं, “मग त्या बाईचं नाव कुठं हाय?” मी म्हटलं, येणार आहे. ते म्हणाले, “आलं की आण. हे तवर राहू दे.”

मागच्या आठवड्यात मी ग्रंथपाल सरांकडे त्या कपाटातल्या पुस्तकांत लिहायची परवानगी मागितली. पुस्तकात काही लिहिलेलं त्यांना खपत नाही, पेन्सिलची रेघ दिसली तरी ते विद्यार्थ्याला बोलावून खोडरबर हातात देतात. मी त्यांना चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यातले आकडे दाखवले. त्यांनी पाच-सहा पुस्तकं उघडून बघितली, एक आकडा डोळ्यांजवळ नेला. “वीस वर्षं मी हे खोडत आलो,” ते म्हणाले. “मला वाटायचं, मुलं हिशेब करतात.” किती आकडे गेले ते आता कोणालाच कळणार नाही. कपाटात एकतीस पुस्तकांवर उरले आहेत. प्रत्येक आकड्यापुढे मी लिहिलं, ज. हि. तांडेल. एकतीस वेळा. तीन वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

आवाज हरवलेल्या गावाचं पुस्तक त्यांच्या टेबलाच्या खणात होतं, चिठ्ठीचा तुकडा एकशे बाराव्या पानावर. तिथपर्यंतचं मी त्यांच्यासारखं, पट्ट्यांवर बोट ठेवत वाचलं. पुढचं माझं मी. शेवटी त्या मुलीला आवाजांचं गाठोडं सापडतं आणि ती ते गावात आणून सोडते, पण आवाज अदलाबदल होतात. न्हाव्याला म्हातारीचा मिळतो, पाटलाला बाळाचा. सगळे हसतात आणि पुस्तक संपतं. मावशी, ‘आधी तू बोल’ म्हणाला होतात, म्हणून बोलते. मला ती गंमत वाटली नाही. ज्या म्हातारीचा आवाज न्हाव्याला गेला, ती त्यानंतर एकाही चित्रात नाही. तिला कोणाचा मिळाला? मी शेवटची वीस पानं पुन्हा पुन्हा उलटून तिला शोधली, पट्ट्यांमध्येही शोधली. चित्रकार तिला विसरला आहे. ती मुलगी वाटेत ओलांडते त्या डोंगरांची चित्रं खरी आहेत, ते डोंगर मला ठाऊक आहेत, तिथे पाणी चांगलं चढत होतं. पण या एका गोष्टीमुळे पौर्णिमा झाली नाही.

मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात १२ लिहिलं, आणि पुढे माझं नाव. मग द्वादशी जास्त झाली का, ते विचारायला मान वळवली. स्टुलावर खळीची वाटी तशीच होती, सुकून तडकलेली, आणि तिच्यात ब्रश उभा.